ओल

हॅलिफॅक्सच्या उतारावरचं दगडी घर.
भिंतीत मीटरच्या दोन सुया टोचल्या
तर आकडा अठ्ठावीसवर गेला,
आणि मीटर केकाटला,
पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा.

भाडेकरू मिस्टर ऑल्डरॉइड, एकटे,
चाळीस वर्षं बस चालवून आता घरी.
त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात,
प्रत्येक रेघेला तारीख.
ऑक्टोबरात घोट्याला, डिसेंबरात गुडघ्याला,
आता खुर्चीच्या पाठीला.
लेकराची उंची मोजतात तशी
ते ओल मोजत होते.
"बाळसं धरतेय," म्हणाले. हसले नाहीत.

मागच्या अंगाला पन्हळीचा पाइप
सांध्यात फुटलेला.
दगडावर शेवाळाचा हातभर हिरवा पट्टा.
फोटो काढले. लिहिलं:
पाणी बाहेरून येतंय, दुरुस्ती घरमालकाची.

घरमालक केळुस्करकाका.
मी इथे नवी होते,
फोनवर माझा उच्चार ऐकून लोक
"कळवतो" म्हणायचे,
तेव्हा पहिलं घर यांनी दाखवलं,
पहिला चेक यांचा.
परवा फोनवर आधी माझ्या गुडघ्याची चौकशी,
मग लेकीच्या परीक्षेची,
मग, "अगं, एक शब्दच तर बदलायचाय.
लीक काढ, कंडेन्सेशन घाल.
म्हातारा कपडे आतच वाळत टाकतो,
किटली दिवसभर चालू,
खिडकी म्हणून उघडत नाही.
भिंतीला घाम येतो, झालं."
आणि मार्चमध्ये आणखी अकरा घरं तपासायची आहेत,
हे असंच, जाता जाता.

रात्री लॅपटॉपपुढे बसले.
इंग्रजीत नाही म्हणायचं तर आधी भ्यावं लागतं,
आय ॲम अफ्रेड,
मग पुढचं वाक्य अगदी धीटपणे चालायला लागतं.
आपल्यात "बघू" म्हणतात.
बघू म्हणजे बघणार नाही
हे दोघांनाही ठाऊक असतं
आणि कोणाचाच चहा कडू होत नाही.
पण इथे "बघू" कसं म्हणू?
बघण्याचेच तर मी पैसे घेते.

खरं सांगायचं तर भ्यालेही होते.
अकरा घरं म्हणजे नवा बॉयलर,
लेकीचं हॉस्टेल.
शिवाय खाल्ल्या मिठाला जागावं, हे आईचं.
मीठ मलाही कळतं, आई.
ओल्या भिंतीतून फुलून येतं ते मीठच असतं,
पांढरं, भुरभुरीत.
पुसलं की आठवड्यात परत.

शेवटी मराठीतच लिहिलं.
केळुस्करकाका, तो शब्द मला बदलता येणार नाही.
"बदलता येणार नाही" खोडलं.
येतो की. एका बोटाचं काम.
"मी बदलणार नाही" असं लिहिलं,
आणि त्या वाक्याकडे बघत बसले,
आपल्याच घरात कोणी मोठ्याने बोलावं तसं वाटलं.
खाली लिहिलं, फी परत पाठवते, अहवाल आहे तसाच राहील.
पाइपचं काम करणारा एक जण ओळखीचा आहे,
दोनशे पौंडांच्या आत करून देईल.
तुमचे उपकार विसरलेले नाही.
हे शेवटचं काढलं, घातलं, काढलं,
आणि घालून पाठवलं.

बारा मिनिटांनी उत्तर आलं: ठीक.
"आहे" नव्हतं पुढे.

सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या काचेवरून
रात्रीच्या कुकरची वाफ ओघळत होती.
हे मात्र कंडेन्सेशन.
बाहीने पुसलं.
पलीकडे शेजाऱ्याचं कुत्रं, कचऱ्याचे डबे,
एक बस चढ चढत होती.
खिडकी बोटभर उघडली
आणि गारठा आत येऊ दिला.